एका कॉलमची सहा नावं

मंडळी, आधी एक सोपा प्रश्न. या कॉलेजात तुमचं नाव काय? घाईघाईत उत्तर देऊ नका. विद्यापीठाला आपण पीआरएन म्हणून माहीत, परीक्षा विभागाला सीट नंबर म्हणून, वर्गात रोल नंबर, लायब्ररीत कार्ड नंबर, मेसच्या वहीत रूम नंबर, आणि रेक्टर मॅडमच्या डोक्यात "ती नऊच्या हजेरीला धापा टाकत येणारी". माणूस एक, नावं सहा! चार वर्षं याचं काही वाटत नाही. वाटतं ते शेवटच्या वर्षी, नो ड्यूजचा फॉर्म हातात पडल्यावर. मग लायब्ररी, वर्कशॉप, जिमखाना, मेस, हॉस्टेल, अकाउंट्स अशी खिडकी-खिडकी वारी सुरू होते. प्रत्येक खिडकीमागे एक रजिस्टर आणि प्रत्येक रजिस्टरात आपण वेगळ्याच नंबराखाली. ही रजिस्टरं एकमेकांशी कधी बोलत नाहीत. त्यांना जोडणारी वायर म्हणजे आपण स्वतः, घामाघूम होऊन फॉर्म मिरवणारे.

ही वायर होण्याचं काम मी गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे केलं, एका बांधकामाच्या साइटवर. ट्रेनिंगमध्ये काय शिकलीस असं सगळे विचारतात आणि मी सांगते, "एका वस्तूला सगळ्यांनी एकाच नावाने हाक मारायला शिकले." ऐकणारे हसतात. हसू नये म्हणून हा लेख.

साइट पुण्याबाहेरची, हिंजवडीच्या पलीकडची. दोन विंग, प्रत्येकी २२ मजले, खाली पार्किंग. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे सीनियर्सकडून जे ऐकलं त्यावरून त्यांच्याही साइटवर हेच चालतं. पहिल्या दिवशी प्लॅनिंगच्या सरांनी काम दिलं: "सगळ्या डिपार्टमेंटकडून आकडे घे आणि रोज संध्याकाळी डेली रिपोर्ट बनव." मला वाटलं, चला, एसीत बसायचं काम! कॉम्प्युटर तर सगळीकडे होते. स्टोअरला माल आल्याच्या नोंदींचं एक सॉफ्टवेअर. अकाउंट्सला टॅली. प्लॅनिंगला एमएस प्रोजेक्ट. ड्रॉइंगवाल्यांना ऑटोकॅड. बिलिंगला एक्सेल. क्वालिटीला एक जाडजूड रजिस्टर आणि लॅबकडून मेलवर येणाऱ्या पीडीएफ. लेबरच्या हजेरीला अंगठ्याचं मशीन. अशा झाल्या सात सिस्टिम. आणि प्रत्यक्ष बांधकाम ज्याच्यावर चालायचं ती आठवी सिस्टिम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप!

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या आठही जणांना वेगवेगळ्या इमारती दिसतात. बी विंगच्या सहाव्या मजल्यावरचा एक कॉलम घ्या. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये तो सी-१४. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये ग्रिड डी-४. प्लॅनिंगमध्ये तो एकटा नाहीच, "बी विंग सहावा मजला कॉलम" अशा एका लांब पट्टीत तो विरघळलेला. बिलिंगमध्ये "एम ३० काँक्रीट, कॉलम, पाचव्या ते दहाव्या मजल्यापर्यंत" या आयटमखाली काही घनमीटर. क्यूबच्या रजिस्टरात "एम ३०, बी विंग" आणि तारीख. आणि मुकादमाच्या तोंडी "लिफ्टजवळचा जाड्या". यातलं सगळ्यात अचूक नाव कुठलं, तर मुकादमाचं. कारण ते ऐकून कुणीही त्या कॉलमपाशी जाऊन उभं राहू शकत होतं. बाकीच्या नावांना आधी कागद शोधावा लागायचा.

नुसती नावं वेगळी असती तरी निभावलं असतं. एक यादी करायची, या नावाला ते नाव. पण मापही वेगळं! डिझाइनवाला एकेक कॉलम मोजतो, प्लॅनिंगवाला मजले मोजतो, बिलिंगवाला घनमीटर मोजतो आणि स्टोअरवाला पोती आणि ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. आता एका मजल्याचे बावीस कॉलम आणि बिलातला सहा मजल्यांचा एक आयटम यांची जोडी कशी लावणार? एकास एक जुळतच नाहीत. रोज संध्याकाळी मी चार एक्सेल उघडून बसायचे आणि अंदाजपंचे भागाकार करायचे. तो रिपोर्ट वरच्या ऑफिसला जायचा आणि तिथे म्हणे कुणीतरी त्याचा ग्राफ काढायचं.

लोखंडाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपण दुसऱ्या वर्षीच पाठ केलेलं सूत्र: सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १६ मिलिमीटरची सळई म्हणजे २५६ भागिले १६२, म्हणजे १.५८ किलो. बिलिंगवाले याच सूत्राने बीबीएसवरून वजन काढतात. स्टोअरवाले काय करतात? ट्रक वजनकाट्यावर चढवतात. दोघंही बरोबर! पण आयएस १७८६ मध्ये सळईच्या वजनाला सूट आहे: १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के इकडे-तिकडे, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के, आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के. म्हणजे १०० टन जाड लोखंडात, कुणीही चोरी न करता, काट्यावरच्या आणि सूत्रातल्या वजनात ३ टनांपर्यंत फरक पडू शकतो. वर कापताना उरलेले तुकडे वेगळेच. स्टोअर म्हणायचं इतकं दिलं, बिलिंग म्हणायचं इतकंच बसलं, मग मधलं गेलं कुठे? या वादात फिटर ठेकेदाराचं बिल तीन आठवडे अडकलं. ठेकेदाराने हात वर केले आणि फिटरांची आठवड्याची खर्ची निम्म्यावर आली. दोन आकड्यांचा मेळ बसेना, त्याची किंमत मोजली ती ज्यांनी यातला एकही आकडा लिहिला नव्हता त्यांनी. सळया बांधून हाताची सालं निघालेली ती पोरं दुपारी डबा उघडायची तेव्हा नुसता भात आणि मीठ-मिरची असायची. मी तिकडे बघायचं टाळायला लागले होते.

तरी लोखंड हा पैशांचा मामला. चौथ्या आठवड्यात जे झालं ते पैशांपलीकडचं होतं.

क्वालिटीच्या मॅडमच्या टेबलावर २८ दिवसांच्या क्यूबचा निकाल आला. एम ३० म्हणजे ३० मेगापास्कल अपेक्षित. आले २४ च्या आसपास. मॅडमनी रजिस्टर उघडलं. त्या तारखेला ३० घनमीटर काँक्रीट आलं होतं, सहा-सहा घनमीटरच्या पाच गाड्या. आयएस ४५६ च्या तक्त्याप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन सॅम्पल, तीही घेतलेली. नियमात कुठेही खोट नाही. पण त्या दिवशी दोन ठिकाणी काम झालं होतं. बी विंगच्या सहाव्या मजल्याचे बावीस कॉलम, आणि खाली पार्किंगची रिटेनिंग वॉल. दोन्ही एम ३०. रजिस्टरात लिहिलेलं: "एम ३०, बी विंग". कारण वॉलसुद्धा बी विंगच्याच बाजूची!

नापास झालेलं सॅम्पल कुठल्या गाडीतलं? ती गाडी वर रिकामी झाली की खाली? वर झाली असेल तर कुठल्या कॉलमात? आणि तोवर त्या कॉलमांवर तीन मजले चढलेले होते.

मॅडमनी कपाळाला हात लावला तो आणखी एका गोष्टीसाठी. त्याच सॅम्पलचा ७ दिवसांचा निकालही कमी होता. तो वेळेवर आलाही होता. लॅबने पीडीएफ पाठवली होती, पण ती ज्याच्या मेलवर जायची तो इंजिनिअर दुसऱ्या साइटवर बदलून गेला होता. २१ दिवस ती पीडीएफ न उघडलेली पडून होती. सातव्या दिवशी कळलं असतं तर वर फार तर एखादा स्लॅब असता.

पुढचे तीन दिवस मी वायर होते, अगदी दोन्ही टोकं सोललेली. पोअर कार्ड शोधलं. त्यात कॉलमचे नंबर होते, गाड्यांचे नव्हते. आरएमसीची चलनं शोधली. ती अकाउंट्समध्ये बिलाला टाचलेली. त्यावर गाडीचा नंबर आणि प्लांटमधून निघाल्याची वेळ होती, पण रिकामी कुठे झाली ते नव्हतं. क्यूब रजिस्टरात क्यूब भरल्याची वेळ होती: ४ वाजून ४० मिनिटं. गाडी नंबर नव्हता. तीन कागद, तिघांकडे सत्याचा एकेक तुकडा, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही.

शेवटी तुकडे जोडले ते स्टोअरकाकांनी. काका सोलापूरकडचे, दहावी शिकलेले, तीस वर्षं साइटवर. त्यांच्याकडे कंपनीच्या सॉफ्टवेअरखेरीज स्वतःची एक लाल बांधणीची वही असायची. कुणी सांगितलेली नव्हे, सवयीची. गेटमधून आलेली प्रत्येक गाडी, तिची वेळ, आणि पुढे एक शब्द: "वर" किंवा "खाली". मी विचारलं, "काका, हे कशासाठी लिहिता?" म्हणाले, "गाडी खाली गेली की रॅम्पवर अडकते, मागची थांबते, मग ड्रायव्हर भांडतात. कोण आधी आला ते मला सांगता आलं पाहिजे ना, पोरी." म्हणजे भांडण मिटवायला ठेवलेली वही! त्या दिवशीच्या पानावर, ४ वाजून १५ मिनिटांनी आलेल्या चौथ्या गाडीपुढे लिहिलेलं: "वर". आणि बाजूला बारीक अक्षरात: "उशीर, ट्रॅफिक". चलनावर प्लांटमधून निघाल्याची वेळ होती २ वाजून ५० मिनिटं.

सापडलं! कॉलमांच्या दोन गाड्यांपैकी ही दुसरी. पोअर कार्डावरचा क्रम धरला तर तिच्यातून शेवटचे अकरा कॉलम भरलेले. बावीस कॉलम आणि एक अख्खी वॉल यांच्यावर पडलेला संशय अकरावर आला. रिबाउंड हॅमर मारून त्यातले कमजोर वाटणारे तीन निवडले, कोअर काढले. आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. म्हणजे एम ३० ला सरासरी साडेपंचवीस, आणि एकेकटा साडेबावीसच्या खाली नाही. सरासरी २७ च्या घरात आली. कॉलम वाचले. रस्त्यात झालेल्या उशिरामुळे कुणी ड्रममध्ये पाणी मारलं होतं का, ते सिद्ध झालं नाही. पण निदान प्रश्न विचारण्यापुरते कागद एकत्र आले होते.

आता यावर तुम्ही म्हणाल, झालं ना सगळं ठीक? मला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळं. समजा काकांना भांडणं मिटवायची सवय नसती तर? किंवा हाच प्रश्न चार वर्षांनी आला असता तर? रेरा कायद्यात, २०१६ च्या, अशी तरतूद आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांच्या आत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. चांगला कायदा आहे. पण दोष दुरुस्त करायला आधी त्या कॉलममध्ये काय ओतलं ते कळायला हवं. चार वर्षांनी मॅडम दुसऱ्या कंपनीत, मुकादम गावी, काका रिटायर आणि लाल वही रद्दीत! आणि लिफ्टजवळच्या जाड्याशेजारी कुणाचं तरी कपाट, कुणाच्या तरी बाळाचा पाळणा.

हॉस्टेलला परत आल्यावर या विषयाचं वेडच लागलं. लायब्ररीत आणि इकडेतिकडे शोधलं तेव्हा कळलं की हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००४ मध्ये एक अहवाल काढला. बांधकामातल्या सिस्टिम एकमेकांशी बोलत नाहीत यामुळे तिथल्या मोठ्या इमारती आणि कारखाने यांच्या क्षेत्रात २००२ या एका वर्षात किती नुकसान झालं याचा अंदाज: १५.८ अब्ज डॉलर. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार पडला तो इमारत वापरणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मालकांवर. म्हणजे साइटवर गोंधळ घालणारे आपण, आणि भरणारे राहायला येणारे. फिटरांची खर्ची आठवली.

लंडनची गोष्ट याहून गंभीर. १४ जून २०१७ ला तिथल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली आणि ७२ माणसं गेली. बाहेरून लावलेल्या आवरणामुळे आग झपाट्याने वर चढली. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या अध्यक्षतेखाली इंग्लंडच्या बांधकाम नियमांची तपासणी झाली. २०१८ च्या त्यांच्या अहवालात "सोनेरी धागा" अशी कल्पना आहे: इमारत कशी आखली, कशाने बांधली, नंतर काय बदललं ही सगळी माहिती एका न तुटणाऱ्या धाग्यात इमारतीच्या आयुष्यभर ओवलेली असली पाहिजे. २०२२ च्या तिथल्या कायद्याने उंच निवासी इमारतींना ते बंधनकारकही झालं. मला तो शब्द वाचून काकांच्या वहीची बांधणी डोळ्यासमोर आली.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. नागपूर मेट्रोच्या कामात ५डी बीआयएम वापरलं गेलं. त्रिमितीय मॉडेल, त्याला जोडलेलं वेळापत्रक आणि त्याला जोडलेला खर्च, सगळं एका ठिकाणी. म्हणजे नागपूरकरांनी आपल्याला मागे टाकलंय, पुणेकरांनी नोंद घ्यावी!

माझी रूम पार्टनर कॉम्प्युटरची. तिला ही सगळी रामकहाणी रात्री दोन वाजता मॅगी खाताना सांगितली. आमचं ट्रेनिंग अजून दोन आठवडे उरलं होतं आणि मी शनिवार-रविवार हॉस्टेलला येत असे. ती काटा चाटत म्हणाली, "अगं, तुमच्याकडे प्रायमरी कीच नाहीये!" मग तिने मला वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. सात सिस्टिम प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडायच्या म्हटलं तर २१ जोडण्या लागतात. आठवी आली की २८. प्रत्येक जोडणी कुणीतरी लिहायची, आणि एका सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तिच्या सगळ्या जोडण्या तुटायच्या. त्याऐवजी मध्ये एक सामाईक भाषा ठेवली तर सात सिस्टिमला सातच जोडण्या. बांधकामात अशी भाषा आहेही, आयएफसी नावाची. १९९० च्या दशकात तिच्यावर काम सुरू झालं आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ १६७३९ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला कळावं म्हणून ती आहे. तिसरा मार्ग म्हणजे एकच मोठं ईआरपी विकत घ्यायचं आणि सगळ्यांना त्यात कोंबायचं. "पण यातलं काहीही घेतलं," पार्टनर म्हणाली, "तरी क्यूबवर गाडीचा नंबर कुणी लिहिलाच नसेल तर कॉम्प्युटर काय कुंडली बघणार?"

हाच मुद्दा आहे, मंडळी. आज सगळे म्हणतात एआय येतंय, तेच सगळं जुळवून देईल. हजार पीडीएफ वाचून तक्ता करायला ते नक्की मदत करेल. पण जी गोष्ट घडताना नोंदलीच गेली नाही, ती नंतर कुठल्याच बुद्धीला सापडत नाही, नैसर्गिक असो की कृत्रिम. जोडणी सॉफ्टवेअरमध्ये होते ती फार नंतर. आधी ती गेटवर होते, हातात पेन असलेल्या माणसाकडून.

सोमवारी मी मॅडमकडे एक कागद घेऊन गेले. प्रस्ताव एका ओळीचा: प्रत्येक पोअरला एक नंबर द्यायचा आणि तोच नंबर सगळ्यांनी लिहायचा. बी-०६-०३ म्हणजे बी विंग, सहावा मजला, तिसरा पोअर. पुढे तिरकी रेघ देऊन गाडीचा क्रमांक. सुरुवातीला अक्षर घेतलं कारण नुसतं ६-३ लिहिलं की एक्सेल त्याची परस्पर तारीख करून टाकतं (पार्टनरची सूचना, तिला मॅगी पोहोचली). हा नंबर पोअर कार्डावर, आरएमसीच्या चलनावर, क्यूबच्या अंगावर, लॅबला जाणाऱ्या पत्रावर आणि बिलिंगच्या एमबीत. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमधले कॉलमचे नंबर फक्त पोअर कार्डावर, एकदाच. कुणाचंही सॉफ्टवेअर बदलायचं नाही, कुणीही आपली वही सोडायची नाही. लॅबचे निकाल एका माणसाच्या मेलवर न येता साइटच्या सामाईक मेलवर. खर्च: एक रबरी शिक्का आणि दोन मार्कर पेनं.

सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्यात चार चलनं कोरी आली, कारण रात्रपाळीच्या वॉचमनला पोअर नंबर कोण सांगणार? यावर उपाय काकांनी काढला. गेटवर एक फळा टांगला आणि संध्याकाळी जाताना त्यावर खडूने आजचा नंबर लिहून जायचे. ड्रायव्हरसुद्धा वाचून विचारायला लागले, "सून-आठ-एक वर की खाली?" (बी चं सून कसं झालं मला माहीत नाही, पण झालं खरं!) बिलिंगच्या सरांनी आठवडाभर कुरकुर केली. मग एका बिलाची मोजमापं पोअर नंबरवरून पटकन निघाली तेव्हा गप्प बसले. अकाउंट्सच्या साहेबांनी मात्र साफ नाही म्हटलं. त्यांच्या टॅलीला हात लावायचा नाही, ते ऑडिटला लागतं. त्यांचंही चूक नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रश्न काकांनी विचारला. आम्ही त्यांच्या वहीतले रकाने एक्सेलमध्ये मांडत होतो. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पोरी, हे सगळं तुझ्या कॉम्प्युटरात गेलं की मला कोण विचारणार?"

मला उत्तर सुचलं नाही. पुस्तकात या धड्याला 'चेंज मॅनेजमेंट' म्हणतात आणि चार मार्कांना विचारतात. पण समोर तीस वर्षं साइटवर काढलेला माणूस होता आणि त्याची भीती खरी होती. डिपार्टमेंटं आपापली एक्सेल उराशी धरून बसतात त्यामागे आळस कमी आणि ही भीतीच जास्त असते, असं मला आता वाटतं. आकडा आपल्याकडे आहे तोवर आपल्याला विचारल्याशिवाय कुणाचं चालत नाही.

उत्तर मॅडमनी दिलं, आणि तेही न बोलता. तक्त्यात त्यांनी एक रकाना वाढवला: "नोंद कोणाची". आणि नियम केला की गाडीची वेळ आणि ठिकाण फक्त स्टोअर लिहील, बाकी सगळे नुसते वाचतील. क्यूबचा निकाल फक्त क्वालिटी लिहील. मोजमाप फक्त बिलिंग. एका गोष्टीचा एकच धनी, आणि त्याचं नाव त्या ओळीत. काकांच्या नावाच्या पहिल्या दिवशी सात ओळी झाल्या. त्यांनी त्या मोजल्या, मी पाहिलं.

शेवटच्या शनिवारी मॅडमनी माझी ओरल घेतली. क्यूबच्या टाकीतून डोळे मिटून एक क्यूब उचलला आणि म्हणाल्या, "हा कुठला, सांग." अंगावरचा नंबर वाचला, तक्ता उघडला. गाडी, वेळ, चलन, वरचे कॉलम, चार मिनिटांत. जे शोधायला आधी तीन दिवस लागले होते. लोखंडाचा वाद मात्र मी येईपर्यंत तसाच होता. काट्याचं वजन खरं की सूत्राचं, हे कुठल्याही नंबराने सुटत नाही. ते दोघांनी टेबलावर बसून आधी ठरवावं लागतं. फिटरांचं बिल अर्धं निघालं, अर्धं बाकी होतं.

आता हे सगळं या अंकात लिहायचं कारण. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरच्या साइटवरून क्यूब टेस्टिंगला येतात हे सिव्हिलच्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्यापैकी कित्येकांनी ते मशीनखाली फोडलेत आणि तो 'फट्' आवाज ऐकून टाळ्याही पिटल्यात. लॅबच्या फॉर्मवर पार्टीचं नाव, ग्रेड, कास्टिंगची तारीख आणि "लोकेशन" असे रकाने आहेत. मी गेल्या महिन्यात लॅबच्या सरांच्या परवानगीने जुने शंभर फॉर्म चाळले. लोकेशनमध्ये बहुतेकांनी काय लिहिलंय? "साइट". काहींनी "स्लॅब". एकाने नुसतं "पुणे"!

तेव्हा एचओडी सर आणि लॅबच्या कर्मचाऱ्यांना एक विनंती. त्या फॉर्मवर पोअर नंबर आणि गाडी नंबर असा एक रकाना वाढवावा आणि तो कोरा असेल तर क्यूब ठेवून घेण्याआधी पार्टीला विचारावं. सुरुवातीला पार्टी वैतागेल. नंतर तिच्या साइटवर कुणाला तरी नंबर द्यायला लागेल, कारण आपण मागतो म्हणून. रिपोर्टवर निकालाशेजारी तो नंबर छापला गेला की तो कागद चार वर्षांनीही सांगू शकेल की हा आकडा कुठल्या काँक्रीटचा.

आणि ज्युनिअर्सना सांगणं एवढंच: ट्रेनिंगला गेलात की पहिल्या दिवशी एसीतल्या कॉम्प्युटरकडे पळू नका. आधी गेटवर जा, स्टोअरमध्ये चहा प्या, आणि तिथल्या माणसाला विचारा, "काका, तुमची स्वतःची वही असते का?" असतेच. ती बघा.

फॉर्मचा नवा नमुना मी लॅबमध्ये देऊन ठेवला आहे. वाढवलेला रकाना वरून तिसरा आहे.

(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)